आधी कॉपी, मग डॉक्टर!

दिवाळीला पारगावला गेले, तर चिवड्याच्या आधी कॉम्प्युटरच समोर आला. (पारगाव म्हणजे आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं.) 'ताई, तू पुण्यात कॉम्प्युटरवरच असतेस ना? बघ की जरा!' मी एचआरमध्ये आहे, हे घरी कुणाला पटतच नाही.

काकांच्या जुन्या पीसीवर आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो होते. फोल्डर उघडायला पाच मिनिटं, आणि मग स्क्रीनवर 'डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक'. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. दुसरी कॉपी? कुठेच नाही.

धाकटा भाऊ चेकडिस्क चालवायच्या बेतात होता. मी ऑफिसातल्या सिस्टीमवाल्या दादाला फोन लावला. तो ओरडलाच, 'एंटर मारू नको!'

त्याचं म्हणणं असं. हार्ड डिस्कचे आजार दोन. लिहिता लिहिता लाइट गेली की फाइलींच्या हिशोबाची वही बिघडते. डिस्क ठणठणीत असते आणि चेकडिस्क ती वही नीट करतं. दुसरा आजार मात्र अंगातला. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. तिथं इजा झाली की काही सेक्टर वाचलेच जात नाहीत. अशा डिस्कला चेकडिस्क लावणं म्हणजे लंगडा बैल शर्यतीच्या घाटात पळवणं. वर दुरुस्तीच्या नादात फाइलींचे तुकडे होतात ते वेगळंच.

आजार कुठला, हे क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटातलं सॉफ्टवेअर दाखवतं. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्य हवं. आमच्याकडे नव्हतं!

मग पीसी इन्व्हर्टरवर घेतला, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू लावलं. हे शहाणं आहे. सोपा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागी नंतर परत येतं. (डिस्क टकटक आवाज करत असेल तर हेही नको. बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणाऱ्यांना फराळ देऊन कटवा.)

बिबट्यामुळे रात्री अंगणात कुणी बसत नाही. सगळं घर त्या टक्केवारीकडे बघत बसलं.

सकाळी दोन सोडून सगळे फोटो मिळाले. त्या दोनांतही आजी आहे, खालचा अर्धा भाग करडा. केक गेला.

'जाऊ दे,' काका म्हणाले, 'तिला तो आवडलाच नव्हता.'

एक कॉपी मी पुण्याला घेऊन आले.