स्वस्ताईच्या आठवणी आणि मजुरीचा हिशेब

जुन्या काळच्या स्वस्ताईचे गोडवे गाण्याला कोणताही देश अपवाद नाही. आपल्याकडे रुपयाला किती पायल्या ज्वारी मिळे याच्या कथा जशा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, तशाच अमेरिकेत महामंदीच्या अखेरच्या वर्षांतील दरपत्रकाच्या कथा सांगितल्या जातात. १९३८-३९ च्या सुमारास तेथे कोकाकोलाची बाटली ५ सेंटांना मिळे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ५ सेंटांत जाता येई. पाउंडभर पाव सुमारे ८ सेंटांना, सुमारे लिटरभर दूध १२ सेंटांना आणि चित्रपटाचे तिकीट सरासरी २३ सेंटांना पडे. ही यादी खरी आहे. तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र खरा नाही. वस्तूचा भाव हा हिशेबाचा केवळ एक रकाना असतो. दुसऱ्या रकान्यात मजुरी लिहावी लागते आणि ती मजुरी उद्याही मिळेल की नाही, हे तिसऱ्या रकान्यात लिहावे लागते. हे दोन रकाने कोरे ठेवून केलेल्या स्वस्ताईच्या गप्पा म्हणजे अर्धवट जमाखर्च होय.

तो जमाखर्च पुरा करण्याची सोय त्याच काळातील एका कायद्याने करून ठेवली आहे. २५ जून १९३८ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी न्याय्य श्रममानके कायद्यावर स्वाक्षरी केली आणि २४ ऑक्टोबरपासून ताशी २५ सेंट हे किमान वेतन अंमलात आले. या मापाने मोजले तर त्या पाउंडभर पावासाठी मजुराला सुमारे १९ मिनिटे आणि दुधासाठी जवळजवळ अर्धा तास राबावे लागत होते. डझनभर अंड्यांना ३० ते ३५ सेंट पडत, म्हणजे एका तासाहून अधिक श्रम. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात उद्याच्या जगाचे स्वप्न दाखविण्यात येत होते. तेथील प्रौढांचे प्रवेशमूल्य ७५ सेंट होते, म्हणजे हे स्वप्न दारातून पाहण्यासाठीच तीन तासांची मजुरी मोजावी लागे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ही कादंबरी निर्वासित शेतमजुरांच्या हालअपेष्टांची होती. तिची किंमत २.७५ डॉलर, म्हणजे किमान वेतनाच्या अकरा तासांची कमाई होती. ज्यांची ती कथा, त्यांनी ती विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

सर्वच कामगार या तळाच्या दराने राबत होते असे नाही. कारखान्यातील मजुराची सरासरी कमाई त्या सुमारास ताशी साठ सेंटांच्या आसपास होती आणि ज्याचे काम टिकून होते, त्याला खरोखरच बरे दिवस होते. प्रश्न होता तो ज्यांना कामच नव्हते त्यांचा. १९३३ मध्ये चारांपैकी एक कामकरी बेकार होता. १९३७ पर्यंत हे प्रमाण शेकडा १४ पर्यंत उतरले आणि आता संकट सरले असे मानून सरकारने खर्चाला कात्री लावली. सामाजिक सुरक्षेसाठीची नवी करवसुली त्याच वर्षी सुरू झाली आणि मध्यवर्ती बँकेने अन्य बँकांच्या राखीव निधीचे प्रमाण दुप्पट केले. या सर्वांचा परिणाम म्हणजे मे १९३७ पासून वर्षभर चाललेली मंदीतील मंदी. औद्योगिक उत्पादन सुमारे एकतृतीयांशाने कोसळले आणि बेकारी पुन्हा शेकडा १९ वर गेली. सरकारी कामांवर लावलेल्या मजुरांनाही बेकार धरणाऱ्या गणनेचा हा आकडा आहे हे खरे. पण ती कामेही बेकारीवरील उताराच होती. याच १९३८ मध्ये राहणीचा खर्च आदल्या वर्षापेक्षा किंचित उतरला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भाव उतरले, कारण घेणाऱ्याचा खिसा रिकामा झाला होता. या स्वस्ताईला समृद्धीची खूण मानणे म्हणजे ताप उतरून देह थंड पडल्यावर रोगी बरा झाला असे समजण्यासारखे आहे.

स्वस्त वस्तू कोणाच्या तरी श्रमांतून स्वस्त होते. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात पिकॅन नावाचे अक्रोडासारखे फळ सोलण्याचा मोठा धंदा होता. त्यात बहुसंख्येने मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया होत्या आणि त्यांची आठवड्याची कमाई दोन-तीन डॉलरांपलीकडे जात नसे. पाउंडामागे मिळणाऱ्या सहा-सात सेंटांतून आणखी एक सेंट कापण्यात आला, तेव्हा ३१ जानेवारी १९३८ रोजी सुमारे बारा हजार कामगार संपावर गेले. एमा तेनायुका ही अवघ्या एकविशीतील तरुणी त्यांच्या अग्रभागी होती. बड्या शहरांतील मिठाईवाल्याकडे पिकॅनची वडी स्वस्तात घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हा एका सेंटाचा झगडा दिसण्याचे कारण नव्हते. परंतु त्याच्या स्वस्ताईचा उगम तेथेच होता.

या व्यवहाराची झळ सातासमुद्रांपलीकडे आपल्याही शेतकऱ्याला लागली होती. जागतिक मंदीत हिंदुस्थानातील शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र पूर्वीच्याच रोकड आकड्यांत द्यावे लागत होते. १९३१ च्या सप्टेंबरनंतर घराघरांतील सोन्याचा जो ओघ परदेशी वाहू लागला, त्यात ही अडलेल्यांची मोडही होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९३३-३४ मध्ये पगारकपात झाली, १९३४ मध्ये संप झाला आणि खेर मंत्रिमंडळाने नेमलेल्या चौकशी समितीच्या शिफारशीवरून १९३८ च्या आरंभी वेतनात काही वाढ पदरात पडली. पायल्यांनी ज्वारी मिळणारा रुपया मुळात हाती येणे किती दुर्घट होते, हे त्या ज्वारीच्या कथेत सहसा सांगितले जात नाही.

असे असूनही अमेरिकेतील या दशकाला केवळ दैन्याचे दशक म्हणता येत नाही. त्याच वर्षांत तेथील लोकरंजनाला जो बहर आला, त्याचे आजही नवल वाटते. याचे कारण शोधताना पुन्हा नाण्याकडेच वळावे लागते. ज्यांच्यापाशी डॉलर नव्हता, त्यांच्यापाशी कधीमधी पाच किंवा दहा सेंटांचे नाणे असे, आणि करमणुकीचा सारा बाजार त्या नाण्याच्या मापाने बेतला गेला. चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. काही ठिकाणी तिकिटाबरोबर चिनी मातीची बशी भेट मिळे आणि आठवड्याला एक याप्रमाणे गृहिणी संच पुरा करीत. १९३९ मध्ये 'पॉकेट बुक्स'ने २५ सेंटांत कागदी बांधणीची पुस्तके काढली. एक तासाच्या किमान मजुरीत एक पुस्तक, हे समीकरण ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात क्रांतिकारकच म्हटले पाहिजे. नभोवाणी ऐकण्याला तर पैसाच पडत नव्हता; तिचा खर्च साबण आणि दंतमंजन विकणारे उचलीत. १९४० च्या शिरगणतीनुसार शेकडा ८० हून अधिक घरांत नभोवाणी संच होते. नळाचे थंड-गरम पाणी, स्नानाची सोय आणि शौचकूप या तिन्ही गोष्टी मात्र जवळजवळ निम्म्या घरांत नव्हत्या. बेभरवशाच्या आयुष्यात माणूस कोणती गोष्ट आधी घेतो, हे या दोन आकड्यांवरून उमगते.

ही सारी करमणूक म्हणजे वास्तवापासून पलायन, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तो संपूर्ण सत्य सांगत नाही. जून १९३८ चा शिक्का असलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात दहा सेंटांना सुपरमॅन अवतरला. आरंभीच्या अंकांतील हा महाबली परग्रहावरील राक्षसांशी लढत नव्हता. तिसऱ्याच अंकात तो एका बेपर्वा खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून मजुरांच्या जिवाची किंमत शिकवितो. क्लीव्हलँडमधील ज्या दोन तरुणांनी हे पात्र निर्माण केले, त्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरना विकून टाकले होते. त्याच पहिल्या अंकाच्या प्रती पुढे लक्षावधी डॉलरांना विकल्या गेल्या. दुर्बलांचा कैवार घेणाऱ्या नायकाच्या जन्मदात्यांनाच बाजारात कैवारी मिळाला नाही. सरकारी अनुदानावरील संघीय नाट्ययोजनेने १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींचा प्रश्न रंगमंचावर मांडला, तेव्हा प्रेक्षकांनी गर्दी केली. पुढच्याच वर्षी काँग्रेसने त्या योजनेचा निधी बंद केला. लोकांची अभिरुची पलायनवादीच असती, तर ती योजना बंद करण्याची घाई कोणाला झाली नसती.

आता एक प्रश्न उरतो: या कोंडीतून वाट निघाली ती कशी? केवळ भाव खाली येऊ देऊन ती निघाली नाही. १९३३ मध्ये शेतमालाचे भाव सावरण्यासाठी सरकारने सुमारे साठ लक्ष डुकरे मारण्याचा निर्णय घेतला होता आणि भुकेल्या देशात त्यावर साहजिकच काहूर उठले. त्या अनुभवातून शहाणपण येण्यास काही वर्षे लागली. १६ मे १९३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरात खाद्यकुपनांची योजना सुरू झाली. साहाय्यावर जगणाऱ्या कुटुंबाने एक डॉलरची नारिंगी कुपने घेतली की, त्याला ५० सेंटांची निळी कुपने फुकट मिळत आणि निळ्या कुपनांवर त्या वेळी बाजारात अतिरिक्त झालेले खाद्यपदार्थ नेहमीच्या दुकानातून घेता येत. शेतकऱ्याचा माल उठला, दुकानदाराचा गल्ला भरला आणि गरिबाच्या ताटात अन्न पडले. वस्तू आणखी स्वस्त करण्याऐवजी घेणाऱ्याच्या हाती क्रयशक्ती देण्याचा हा मार्ग होता, आणि योजनेचे मर्म नेमके यातच आहे.

किमान वेतनाच्या कायद्याचे मर्मही तेच. त्या कायद्याची थोरवी सांगताना त्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. देशातील सुमारे एकपंचमांश श्रमिकच त्याच्या कक्षेत आले. शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले गेले आणि यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते. सॅन अँटोनिओच्या पिकॅन कारखानदारांनी तर २५ सेंट देण्याऐवजी यंत्रे आणली आणि हजारो बायकांचे काम गेले. किमान वेतनाचे विरोधक आजही असाच दाखला देतात, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण त्यातून निघणारा बोध असा की, वेतनाच्या हमीला कामाच्या हमीची जोड हवी. आठवड्याला दोन डॉलरांवर माणसे राबविण्याचा धंदा चालू ठेवावा, असा बोध त्यातून निघत नाही. ती जोड अमेरिकेला अखेर मिळाली ती युद्धाच्या कारखान्यांमुळे, आणि बेकारी हटविण्यासाठी महायुद्ध लागावे हा शांततेच्या राजकारणाचा पराभवच होता.

त्या कायद्याने घालून दिलेला धडा खुद्द अमेरिकाही नीट गिरवू शकलेली नाही. २००९ मध्ये ताशी ७.२५ डॉलर ठरलेले संघीय किमान वेतन पुढे दीड दशक उलटले तरी तेथेच राहिले. भाव मात्र तेथे थांबले नाहीत. तेव्हा भाव कमी आणि हात रिकामे होते. नंतर आकडा तोच राहिला आणि त्याची खरेदीशक्ती झिजत गेली. दोन्ही वेळा अन्याय लपला तो भाव आणि मजुरी वेगवेगळ्या कागदांवर लिहिण्याच्या सवयीमागे.

म्हणून जुनी दरपत्रके टाकून द्यावीत असे नाही. ती जपावीत, विद्यार्थ्यांना दाखवावीत. मात्र त्यांच्या शेजारी त्या वर्षीचा पगारपट आणि बेकारांचा आकडा लावून दाखवावीत. पाच सेंटांच्या त्या बाटलीची गोडी खोटी नव्हती. पण ते पाच सेंट मिळविण्यासाठी कोणाला किती राबावे लागले आणि कोणाला राबण्याचीही संधी मिळाली नाही, हे विचारल्यावाचून त्या काळाला स्वस्त म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.