लॉनसाठी टँकर?
उन्हाळ्यात खराडी-वाघोलीत टँकरच्या रांगा, आणि आमच्या सोसायटीत लॉनवर स्प्रिंकलर चालूच! कमिटीचं लॉजिक काय, तर 'फ्लॅटला भाव येतो'. अहो, पुण्यात पाऊस जेमतेम ७०० मिमी, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. बाकी आठ महिने हिरवळीचा हट्ट कशाला? वेताळ टेकडीवरचं गवत उन्हाळ्यात पिवळं पडतं, पहिल्या पावसात पुन्हा फुटतं. फुकटात! पळस पानं गाळून फुलतो, बहावा ऐन एप्रिल-मेमध्ये. (आपल्या टेकड्यांवर वनखात्याने भराभर वाढते म्हणून मध्य अमेरिकेतली ग्लिरिसिडिया लावली. असो, तो वेगळा राग.) पुढच्या मीटिंगला मी मागणार आहे: लॉन काढा, बहावा, पळस, कुडा लावा. पहिली दोन-तीन वर्षं पाणी, मग बंद. मुलं खेळणार कुठे म्हणाल, तर 'लॉनवर पाय ठेवू नये' ही पाटी तुमचीच ना?