विश्लेषण : ‘बुडू देता येणार नाहीत इतक्या मोठ्या’ बँका कोणत्या? त्या अडचणीत आल्या तर तोटा कोण सोसणार?

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. खातेदारांना ५० हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना. दुसऱ्या दिवशी फोनपेसुद्धा बंद पडले, कारण त्यांचे यूपीआय व्यवहार येस बँकेमार्फत होत होते. येस बँकेत खाते नसलेल्यांनाही फटका बसला. मात्र १८ मार्चला निर्बंध उठले. अवघ्या १३ दिवसांत.

त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर, म्हणजे पीएमसीवर निर्बंध आले होते. तिच्या ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. पुढे ही मर्यादा वाढत गेली, पण सुटका झाली ती जानेवारी २०२२ मध्ये, युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाल्यावर. तेव्हाही पाच लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्याने, काहींना तर दहा वर्षांपर्यंत मिळणार, असे ठरले.

एका बँकेला १३ दिवस, दुसरीला २८ महिने. हा फरक का पडतो?

यादीत कोण आहे?

२००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभरचे कर्जव्यवहार गोठले. त्यानंतर अशा संस्था आधीच ओळखून त्यांच्यावर कडक नियम लावायचे ठरले. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये त्यासाठी चौकट आणली. बँकेचा आकार, इतर बँकांशी असलेले देणेघेणे, तिची जागा दुसरी बँक घेऊ शकते का आणि तिच्या कारभारातली गुंतागुंत हे निकष असून आकाराला सर्वाधिक ४० टक्के वजन आहे.

यादीत तीनच नावे आहेत. स्टेट बँक आणि आयसीआयसीआय २०१५ पासून, तर एचडीएफसी बँक २०१७ पासून.

या बँकांना वेगळे काय करावे लागते?

जास्त भांडवल ठेवावे लागते. भांडवल म्हणजे भागधारकांचा पैसा. कर्जे बुडाली की पहिला फटका तो सोसतो. साधारण बँकेला जोखमीनुसार मोजलेल्या प्रत्येक १०० रुपयांच्या मालमत्तेमागे किमान ८ रुपये असे मूळ भांडवल लागते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार स्टेट बँकेला त्यावर ८० पैसे, एचडीएफसीला ४० पैसे आणि आयसीआयसीआयला २० पैसे जादा ठेवावे लागतात. याशिवाय त्यांच्यावर देखरेखही अधिक असते.

मोठेपणाची ही किंमत तशी किरकोळच. कारण यादीत नाव येणे ही बाजारात एक प्रकारची हमीच ठरते. सरकार ही बँक बुडू देणार नाही, असे लोक गृहीत धरतात. पीएमसीसारखी घटना घडली की घाबरलेला ठेवीदार आपले पैसे उचलतो आणि ‘मोठ्या’ बँकेत नेऊन ठेवतो. मोठी बँक आणखी मोठी होते. त्यात विलीनीकरणांची भर पडते. जुलै २०२३ मध्ये गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेला वरच्या गटात टाकले.

पण येस बँक तर यादीत नव्हती!

नव्हतीच. तरीही स्टेट बँकेने ६,०५० कोटी रुपये घातले आणि खासगी बँकांनीही हात दिला. म्हणजे कोणाला वाचवायचे हे यादीवरून नव्हे, तर त्या रात्री किती पडझड होईल या अंदाजावरून ठरते.

पीएमसीच्या बाबतीत कायद्याचाही अडसर होता. सहकारी बँकांवर तेव्हा दुहेरी नियंत्रण होते आणि बँकिंग नियमन कायद्याचे कलम ४५ त्यांना लागू नव्हते. याच कलमाखाली येस बँकेची पुनर्रचना झाली. सहकारी बँकांना ते लागू झाले २०२० च्या दुरुस्तीनंतर.

खरी अडचण कुठे आहे?

कलम ४५ खालची सुटका शेवटी कोणीतरी सशक्त बँक पुढे येण्यावर अवलंबून असते. येस बँकेसाठी स्टेट बँक आली, लक्ष्मी विलास बँकेसाठी डीबीएस. पण एचडीएफसी किंवा आयसीआयसीआयला पोटात घेईल अशी बँक कोणती? स्टेट बँकेची मालकी तरी सरकारकडे आहे. या दोघींची नाही. स्वित्झर्लंडने मार्च २०२३ मध्ये क्रेडिट सुईस बँक यूबीएसच्या गळ्यात घातली. त्यातून एक संकट टळले, पण देशात एकच महाकाय बँक उरली.

तोटा कोणी सोसायचा यावर तर अजून वाद आहे. येस बँकेच्या बचावात सुमारे ८,४०० कोटींचे रोखे शून्य करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

मग कायदा का नाही?

प्रयत्न झाला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत एफआरडीआय विधेयक आले. बँका आणि विमा कंपन्या बुडू लागल्या तर काय करायचे, हे ठरवणारी स्वतंत्र यंत्रणा त्यात होती. पण बँकेची देणी रद्द करण्याची किंवा त्यांचे भागभांडवलात रूपांतर करण्याची तरतूदही होती. आपल्या ठेवींवर डल्ला मारला जाणार, अशी भीती पसरली. विमा असलेल्या ठेवी त्यातून वगळल्या होत्या, हे सरकारला पटवून देता आले नाही आणि वर्षभरातच विधेयक मागे घेतले गेले.

त्यामुळे ठेवीदाराच्या हातात लेखी हमी उरते ती ठेव विम्याचीच : व्याजासह पाच लाखांपर्यंत, फेब्रुवारी २०२० पासून. ठेव यादीतल्या बँकेत असो वा गल्लीतल्या सहकारी बँकेत, मर्यादा तीच.