शीर्षक म्हणजे पाटी नव्हे

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली आली. नाव वाचून तोफा-बंदुका शोधायला गेलं, तर हाती लागते एक बोट. युरोपातून निघालेली, परागंदा ज्यूंना घेऊन चाललेली. आणि त्या बोटीवर जुळलेलं चक्रधर-हॅर्टाचं प्रेम. लढाई अशी कुठेच नाही. तरी त्या एका शब्दामुळे डेकवरचं साधं बोलणंही आपण धास्तावून वाचतो. कुणी म्हणेल, शीर्षक म्हणजे दुकानाची पाटी. माल चोख असला की झालं. पण आत शिरल्यावर पाटी विसरता येते, हे नाव मात्र पानोपानी आडवं येतं. हीच कादंबरी ‘हॅर्टा’ नावाने आली असती, तर प्रेमकथा म्हणून वाचून, जरा हळहळून आपण मिटली असती. मुखपृष्ठावरच निम्मी गोष्ट सांगून मोकळ्या होणाऱ्या लेखकांनी ‘रणांगण’ पुन्हा एकदा उघडावी.