घेतलेली वस्तू कोणाची?

गेल्या महिन्यात आमच्या आठवीतल्या नातवाने माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर लिहिले होते, 'खरेदी १८००, विक्री १४००.' वस्तू होती व्हिडिओ गेमची वापरलेली डिस्क. दोन महिने मनसोक्त खेळून त्याने ती दुसऱ्या मुलाला विकली. खेळ त्याला ४०० रुपयांत पडला. ओरखडा नसता तर आणखी शंभर मिळाले असते, अशी टीपही खाली होती. उभा जन्म पेढीवर काढलेल्या माणसाला हा कागद पाहून काय वाटले असेल, ते आपण जाणताच.

व्हिडिओ गेममधून शिक्षण होते का, हा वाद जुना आहे. १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तीन भावी शिक्षकांनी इतिहासाच्या वर्गासाठी 'द ओरेगॉन ट्रेल' हा संगणकीय खेळ रचला. बैलगाडीने पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाने ठरावीक रकमेत बैल, अन्न, कपडे, काडतुसे किती घ्यावीत, हे मुलांनी ठरवायचे. (त्यातील शिकार आपल्या घरांत रुचणारी नाही, ते असो.) एकाच बाबीवर पैसे उधळले की पुढे हाल ठरलेले. हेही शिक्षणच. तरी पडद्यावरच्या त्या पैशांपेक्षा नातवाच्या कागदावरचे ४०० रुपये मला मोलाचे वाटले, कारण ते त्याच्या खिशातून गेले होते.

हा कागद मात्र आता फार दिवस टिकेलसे वाटत नाही. डाउनलोड करून घेतलेला खेळ पुढे विकता येत नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्ससाठी डिस्कच्या फेरविक्रीवरही बंधने जाहीर केली होती. ग्राहक खवळले आणि जूनमध्येच ती मागे घ्यावी लागली. जे हुकमाने साधले नाही, ते सवलतीने साधू लागले आहे. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आले, तेव्हा डिस्क चालणारे यंत्र ४९,९९० रुपयांना होते आणि डिस्कविरहित ३९,९९० ला.

जुन्या मालाच्या विक्रीतून आम्हाला दमडीही मिळत नाही, असे खेळ बनवणारे म्हणतात. ते खरे आहे. परंतु पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे हात बदलत आली, त्यात प्रकाशकाचा वाटा कधी नव्हता. कॅलिफोर्नियात २०२५ पासून निराळा कायदा लागू झाला आहे: ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' असे लिहिता येत नाही. भाड्याला विक्री म्हणणे आपल्या वहीत तरी बसत नाही.

नातवाला आता नवे यंत्र हवे आहे, तेही डिस्कविरहित, कारण स्वस्त. मी म्हटले, "वर्षाला किती खेळ घेतोस आणि विकून किती परत येतात, मांडून आण." दुसऱ्या दिवशी तो हिशेब घेऊन आला. "आजोबा, डिस्कवालेच परवडते. पण माझे सगळे मित्र डाउनलोडवर गेले, तर माझ्या डिस्का घेणार कोण?"

गिऱ्हाईकच उरले नाही तर काय, हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. यंत्राची खरेदी तूर्त थांबली आहे.