'नॉर्मली एंडेड' म्हणे! मग ओव्हरटाइम गेला कुठे?

मंडळी, गणपतीच्या तोंडावर आपल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वीस-बावीस कंत्राटी कामगारांचा ओव्हरटाइम जमाच झाला नाही. विचारायला गेले तर ऑफिसातून एकच उत्तर: "सिस्टीममध्ये एरर नाही. तुमचंच पंचिंग राहिलं असणार." रात्रपाळ्या करायच्या आणि वर खोटंही ठरायचं! एक जण मला म्हणाला, "दादा, मशीनपुढे आपलं काय चालणार?"

म्हटलं, बघू तरी मशीन काय म्हणतंय.

तिथला पगार एएस/४०० वर निघतो. आयबीएमने १९८८ मध्ये आणलेलं हे मशीन; आज त्याच घराण्याची सिस्टीम 'आयबीएम आय' नावाने चालते. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं. जुनं म्हणून नावं ठेवू नका, गडी दणकट आहे. त्यात क्यूशेल नावाची सोय आहे. युनिक्ससारख्या स्क्रिप्ट तिथे कमांड लाइनवरून चालवता येतात, किंवा रात्रीच्या बॅच जॉबमधून आपोआप. इथे गेटवरच्या हजेरीच्या फाइली गोळा करून पगाराच्या प्रोग्रामला द्यायचं काम अशाच एका स्क्रिप्टकडे होतं.

आता गोम ऐका. ओळखीच्या एका जुन्या ऑपरेटरने मला समजावून सांगितली. स्क्रिप्ट संपताना एक आकडा मागे ठेवते, एक्झिट स्टेटस. शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरं काही असेल तर सहसा गडबड. पण क्यूशेलचा मेसेज दोन्ही वेळा एकच: कमांड 'नॉर्मली' संपली, एक्झिट स्टेटस अमुक. आकडा तपासायची सोय कुणी केली नसेल तर पुढचा प्रोग्राम बिनघोर पुढे जातो. ना अलार्म, ना लाल दिवा.

कामगारांनी हट्ट धरून त्या रात्रीचा जॉब लॉग काढायला लावला. नॉर्मली संपली, एक्झिट स्टेटस १! एका ठेकेदाराची फाइल वेळेत आलीच नव्हती. पंचिंग सगळ्यांचं होतं. पैसे मिळाले, पण विसर्जनानंतर. 'माफ करा' मात्र कुणी म्हटलं नाही.

यावर उपाय काय लाखांचा आहे? अजिबात नाही. एस्केप मेसेजसाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतं. ते 'वाय' केलं की शून्य सोडून दुसरा आकडा आला रे आला, मशीन बोंब मारतं. प्रोग्रामने ती बोंब मुद्दाम गिळली नाही तर जॉब तिथेच अडतो. स्क्रिप्टचं आउटपुट फाइलमध्ये साठवायचीही सोय आहे. एका ओळीचं काम, पण ते करायची जबाबदारी कुणाच्याच नावावर नव्हती.

माझं म्हणणं एवढंच. 'सिस्टीममध्ये एरर नाही' हे उत्तर नव्हे. एरर दिसली नाही आणि एरर झाली नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मशीन खोटं बोललं नव्हतं, आकडा तिथेच लिहिलेला होता. वाचायचे कष्ट न घेता माणसांना खोटं ठरवलं, ते माणसांनीच.

कारखाना असो, बँक असो की सरकारी कचेरी, पैसे अडले आणि कुणी 'सिस्टीम'कडे बोट दाखवलं तर शांतपणे विचारा: "त्या रात्रीचा लॉग दाखवा. एक्झिट स्टेटस किती होता?"

तुमच्याकडे असं काही घडलंय का? कमेंटमध्ये लिहा. नाव नको असेल तर इनबॉक्स आहेच.