फुकटचा अडत्या



परवा वसमत तालुक्यात हळदीची पाहणी करून एका ओसरीवर टेकलो. घरच्या मुलाने परदेशी वाहिनीवरचा क्रिकेट सामना दिसावा म्हणून मोबाईलवर फुकटचे व्हीपीएन घेतले होते. त्याच मोबाईलवर घरचे बँकखाते! आजोबांनी विचारले, "सायेब, हे काय हाय बरं?"

म्हटले, "आबा, हा अडत्या समजा. बाहेरच्याला आपण दिसत नाही, पण आपण कोठे जातो ते अडत्याला दिसते."

फेसबुकच्या 'ओनावो' या फुकट व्हीपीएनने लोकांची माहिती कंपनीच्या कामी वापरली. ते नीट न सांगितल्याबद्दल २०२३ साली ऑस्ट्रेलियात २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. आपल्याकडे एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशाने ग्राहकांची नोंद ५ वर्षे ठेवणे आले, तेव्हा काही कंपन्यांनी येथील सर्व्हरच हलविले. गुप्तता राखली, पण लांबच्या वाटेने चित्र अडखळू लागते. शिवाय पुष्कळ वाहिन्या व्हीपीएन ओळखून अडवितात.

तेव्हा आधी गरज ठरवा. सामना पाहायचा तर येथे रीतसर दाखविणाऱ्या वाहिनीवर पाहावा. गुप्तता हवी तर नोंद न ठेवणारे, बाहेरून तपासणी झालेले व्हीपीएन पैसे देऊन घ्यावे. बँकेच्या मोबाईलवर फुकटचे ठेवू नये.

बियाणे आपण पारखून घेतो, अडत्याही पारखूनच धरावा.